अनुभवाची नोंद कोण ठेवणार?

रात्रपाळी उरकून थेट इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सुरतेत गुणवत्तेवर बोलायचं तर आधी हिरा आठवतो. वराछा-कतारगाममध्ये पैलू पडलेला हिरा जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत गेला, की एकाहून अधिक तज्ज्ञ तो स्वतंत्रपणे पाहतात, नमुन्याच्या खड्यांशी रंग ताडतात आणि मगच अहवाल मिळतो. त्या कागदामागे तयार झालेली नजर आहे, म्हणून परदेशातला ग्राहक तो मानतो. पण हिरा घडवणाऱ्या रत्नकलाकाराच्या हातात बहुतेक वेळा स्वतःच्या कसबाचा एकही कागद नसतो.

कापडाच्या धंद्यात आपली गत वेगळी नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन उधना, लिंबायत, दिंडोलीत स्थिरावलेली आपली माणसं पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये चेकिंग टेबलाशी वर्षानुवर्षं उभी आहेत. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी पडते, हे त्यांना ठाऊक असतं. ताक्याचं टोक धरून ती दाराशी जातात, पास झालेला नमुना शेजारी लावतात, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहतात आणि लॉट थांबवतात. प्रयोगशाळेतल्या प्रकाशपेटीचं काम त्यांनी दारातल्या उजेडात केलेलं असतं. पुढे क्वालिटी मॅनेजरची जागा निघते, सर्टिफिकेट विचारलं जातं आणि हा माणूस तिथेच अडतो.

‘आयएसओला लागतं’ असं कारण दिलं जातं. मी ठामपणे सांगतो, लागत नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतलं कलम ७.२ काढून वाचा. माणसाची क्षमता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांवर ठरवायला ते मोकळीक देतं. मात्र त्या क्षमतेचा लेखी पुरावा ठेवा, असंही तेच कलम बजावतं. आपलं घोडं अडतं ते इथे. पंधरा वर्षं टेबलाशी काढलेल्या माणसाने काय काय पकडलं, याची ओळभर नोंद कारखान्यात सापडत नाही.

प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. अमेरिकेतल्या एएसक्यू या गुणवत्ता क्षेत्रातल्या संस्थेची क्वालिटी इंजिनिअरची परीक्षा पाहा. तिला बसायलाच आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली तीन वर्षं निर्णय घेण्याच्या जागेवरची. पदवी असेल तर काही वर्षांची सूट मिळते, एवढंच. आपल्याकडे मात्र दोन दिवस वर्गात बसून सिक्स सिग्माचं ग्रीन बेल्ट प्रमाणपत्र घेता येतं. प्रत्यक्ष प्रकल्प न करता मिळालेल्या बेल्टवर कुणाची बढती ठरू नये.

आता अनुभवी मंडळींनाही एक कडू गोष्ट सांगतो. अनुभव चुकीची सवयसुद्धा पक्की करतो. शेड जराशी हलली की दर लॉटला रंगाचं प्रमाण बदलणारे मास्टर तुम्ही पाहिले असतील. संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये पहिला नियंत्रण आलेख मांडला, तो हेच दाखवायला: काही चढउतार प्रक्रियेच्या अंगचेच असतात आणि त्यांच्यामागे धावून फेरफार करत राहिलं तर ते वाढतात. हे नुसत्या नजरेला दिसत नाही, त्यासाठी शिकावंच लागतं. म्हणून प्रशिक्षणाची पहिली संधी टेबलावरच्या माणसाला मिळायला हवी. फी मालकाने भरावी, अभ्यासाला पाळीतून वेळ द्यावा आणि शिकवणं मराठी-गुजरातीतून व्हावं. इंग्रजी अडलं म्हणून कापडाची पारख कच्ची ठरत नाही.

आणि नोंद आजपासून ठेवा. कोणता दोष, ताक्यात कुठे, कारण काय निघालं, काय बदललं, पुढच्या लॉटला काय झालं. खाली सुपरवायझरची सही. नोकरी बदलली तर या नोंदींची प्रत माणसाबरोबर जायला हवी. दुपारच्या सत्रात या नोंदवहीचा कच्चा नमुना आपल्यापुढे ठेवतो आहे. त्यावर व्यवस्थापकांनी बोलण्याआधी चेकिंगवाल्यांनी बोलावं, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे.