शेऱ्याला उत्तर द्यावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सभेत बोलण्याची मला सवय नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मुली, सुना आज कचेरीत जातात. तेथे वर्षाअखेर प्रत्येकीच्या कामाचा अहवाल लिहितात, आणि त्यातला एखादा अन्यायाचा शेरा साऱ्या घराची झोप उडवतो. म्हणून हा विषय घेतला.

माझी धाकटी नणंद केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. एका वर्षी ती सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होती. त्या वर्षीच्या अहवालात शेरा आला, "कामाचा उरक कमी. कामात लक्ष नाही." दहापैकी गुण पाच. दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. सासूबाई म्हणाल्या, "वरिष्ठांशी वैर नको, गप्प राहा." आमचे हे म्हणाले, "नोकरीच सोड." मला दोन्ही पटेना. मी तिला म्हटले, "दूधवाल्याने हिशेबात चार लिटर जास्त लावले, तर आपण दूध बंद करतो का? आपण कॅलेंडरवरच्या खुणा दाखवतो. तुझ्या कामाच्या खुणा कोठे आहेत?"

त्या आवक-जावक नोंदवहीत होत्या. ती कामावर असलेल्या महिन्यांतील पत्रे तिने मोजली आणि आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली. ती कमी नव्हती, थोडी जास्तच भरली.

तिच्याकडूनच मला नियम कळला. पूर्वी फक्त वाईट शेरे कळवीत, बाकी अहवाल गुप्त राही. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यातील देव दत्त या अभियंत्याला एका वर्षी "चांगले" असा शेरा मिळाला. बढतीला "अतिशय चांगले" लागत होते. म्हणजे चांगल्या शेऱ्यानेच बढती अडली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. त्यानंतर मे 2009 मध्ये केंद्र सरकारचा हुकूम निघाला. पूर्ण अहवाल दाखवायचा, आणि तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निवेदन देता येते. त्या मुदतीत काही दिले नाही, तर काही म्हणणे नाही असे धरतात. भगिनींनो, आपण ज्याला सोशिकपणा म्हणतो, त्याला कागदावर संमती म्हणतात!

नणंदेच्या पहिल्या मसुद्यात साहेबांविषयी बरेच कडू लिहिलेले होते. आम्ही दोघींनी बसून ते सारे काढले. कोणता शेरा, तो का खरा नाही, आणि नोंदवहीतील आकडे, एवढेच एका पानात ठेवले. बाराव्या दिवशी अर्ज दिला आणि पोच घेतली. पुढे "लक्ष नाही" हे शब्द काढले गेले, गुण सहा झाले. तिला सात हवे होते. साहेब तिच्याशी अजून कामापुरतेच बोलतात. तरी ती ताठ मानेने कचेरीत जाते, हे काय थोडे आहे?

खासगी कचेरीत प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे. ते आधी विचारून घ्यावेत, अहवालाची प्रत मागावी, आणि आपले म्हणणे लेखी द्यावे. मुलींना एवढेच सांगावेसे वाटते की, दर शनिवारी आठवड्याचे काम वहीत चार ओळींत टिपून ठेवा. शेरा आल्यावर आठवू लागले तर निम्मे आठवत नाही.

आणि आपण घरच्यांनी? मुलगी असा कागद घेऊन आली, तर "तुझेच काही चुकले असेल" हे पहिले वाक्य तोंडातून काढू नये. तिला जेवू घालावे, आणि मग वही घेऊन तिच्याशेजारी बसावे. शेऱ्यात खरे काही असेल, तर तेही त्या वहीत दिसेलच.