सांगशाकची टेकडी



रणभूमी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पानिपत उभे राहते. परंतु मराठी शिपायाने रक्त सांडलेली आणखी एक जागा मणिपूरच्या डोंगरात आहे आणि तिचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर आले असेल. ती जागा म्हणजे सांगशाक.

इंफाळहून उख्रुलच्या वाटेला लागले की डोंगरांत तांगखुल नागांचे हे गाव लागते. वाटाड्या म्हणून गावातलेच एक पन्नाशीचे गृहस्थ आम्हांला लाभले. कोणती तुकडी कोठे होती, हे दाखविणारा नकाशा आम्ही बरोबर नेला होता. त्यांनी तो पाहिलादेखील नाही. टेकडीवर नेण्याऐवजी ते आम्हांला प्रथम खाली पाण्यापाशी घेऊन गेले. म्हणाले, "लढाई इथून समजते."

आणि ते अगदी खरे होते. मार्च 1944 मध्ये जपानची 31 वी डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून कोहिमाकडे निघाली. तिच्या एका फौजेच्या वाटेत हिंदी सैन्याची 50 वी पॅराशूट ब्रिगेड सापडली. ही ब्रिगेड तिकडे आली होती ती मुख्यतः जंगलयुद्धाच्या शिक्षणासाठी! तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. 22 ते 26 मार्च या काळात ही माणसे या टेकडीवर लढली. जमीन अशी की थोडे खणले की कुदळ खडकावर आपटे. खोल खंदक व्हावेत कसे? काटेरी तार नाही. पाणी खाली, मोर्च्याच्या बाहेर. विमानांनी टाकलेली रसद पुष्कळदा शत्रूच्याच हाती पडे. माथ्यावरच्या चर्चपाशी तर हातघाईची झुंज झाली. अखेर 26 च्या रात्री हुकूम आला आणि उरलेली माणसे जंगलातून इंफाळकडे निघाली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे सहाशे माणसांची हानी झाली.

म्हणजे सांगशाक आपण गमावले. पण जपान्यांचीही जबर हानी झाली आणि त्याहून मोलाचे असे त्यांचे दिवस गेले. कोहिमाचा वेढा एप्रिलच्या आरंभी पडला. तोवर तिकडे कुमक पोचविण्यास थोडी सवड मिळाली होती. कोहिमाच्या मागे दिमापूर, म्हणजे रेल्वे आणि रसदीची कोठारे. तहानेल्या माणसांनी रोखून धरलेल्या त्या दिवसांचे मोल तेथे कळून आले. लढाई हरूनही मोहीम सावरता येते, ती अशी.

यावर कोणी विचारील, हे राज्य कोणाचे वाचविले? प्रश्न रास्त आहे. याच मोहिमेत समोरच्या बाजूने आझाद हिंद सेनेचेही हिंदी जवान लढत होते. आम्ही हे बोलून दाखविले, तेव्हा वाटाडे हसले. "दोन्ही सैन्ये बाहेरची. गाव मात्र आमचे. माझा बाप तेव्हा पोर होता. आईचा पदर धरून रानात पळाला." शौर्यकथेत ज्यांना जागा मिळत नाही, त्यांचा हिशेब त्यांनी दोन वाक्यांत सांगितला.

निघताना त्यांनीच विचारले, "इथे तुमची माणसे मेली. तुमच्या गावात त्यांची नावे कोणी घेते का?"

श्रोतेहो, हा प्रश्न आम्ही आपल्यापर्यंत घेऊन आलो आहोत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक गावी पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांच्या शिळा आढळतात. दुसऱ्या महायुद्धाला गेलेल्यांचे काय? एखाद्या घरात अजून एखादे पदक असेल, पेटीच्या तळाशी पत्र असेल, आजीने सांगितलेली आठवण असेल. ती विचारून घ्यावी, तारखेसह लिहून ठेवावी. राज्य कोणाचे होते, हा वाद पुढे चालू द्या. माणूस मात्र आपल्या गावचा होता.