घरातले काम आणि घरचा धंदा



वयाच्या अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी कचेरी मनुष्यास निरोप देते. पोटाची आणि हातांची निवृत्ती मात्र होत नाही. पेन्शन असलेल्या घरात दिवस कसा घालवावा हा प्रश्न असतो, पेन्शन नसलेल्या घरात महिना कसा काढावा हा. दोन्ही घरांत उत्तर बहुधा एकच सुचते: घरी बसून करण्याजोगा काही उद्योग काढावा. कोणाची चाकरी नको, जाण्यायेण्याची दगदग नको, हात चालतील तितके करावे. हा विचार योग्यच आहे. तथापि घरी बसून केलेले प्रत्येक काम हा स्वतःचा धंदा असतो काय, हे अगोदर तपासून पाहणे इष्ट होय. अशा तपासणीस गोंदिया जिल्ह्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निराळा झाला. तत्पूर्वी हा सारा भातशेतीचा आणि जंगलाचा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. रानात तेंदूची झाडे विपुल, आणि गोंदिया जंक्शनवरून आगगाडी चोहोंकडे जाणारी. पान येथले, तंबाखू बाहेरची आणि हात गावोगावचे, अशा जुळणीवर विसाव्या शतकात येथे बिडीचा धंदा उभा राहिला. या कामास यंत्र लागत नाही की इमारत लागत नाही. पाने भिजवून मऊ करावयाची, फर्मा ठेवून ती कात्रीने कापावयाची, चिमूटभर तंबाखू घालून पान वळावयाचे, तोंड दुमडावयाचे आणि दोऱ्याने बांधावयाचे. मांडीवर सूप घेतले की ओसरी हाच कारखाना. रोवणीसाठी चिखलात वाकणे ज्या वृद्धेस अशक्य झाले, तीही भिंतीला टेकून बिड्या वळू शकते. मजुरी दर हजारी ठरलेली असते.

वृद्धांच्या या आधाराचा प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. गोंदिया ज्या मध्यप्रांत व वऱ्हाड प्रांतात होता, त्या प्रांताच्या सरकारने १९४८ साली बिडी-उत्पादनाचे नियमन करणारा एक कायदा केला. हेतू असा की, शेतीच्या हंगामात मजूर बिड्यांकडे वळू नयेत आणि धान्य कमी पिकू नये. या कायद्यान्वये १९५० साली सागर जिल्ह्यातील काही गावांत हंगामापुरती बिड्या वळण्यास मनाई झाली. तीविरुद्ध चिंतामणराव यांनी दाद मागितली, आणि त्याच वर्षी न्यायालयाने ती मनाई घटनाविरोधी ठरविली. न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी एक आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. अशक्त, अपंग, वृद्ध स्त्रिया आणि मुले यांच्याकडून शेतमजुरी होत नाही. ही माणसे बिड्या वळूनच आपल्या मिळकतीत भर घालतात. मग त्यांचे हात बांधून शेतीस काय लाभ? वृद्धांचे घरचे काम म्हणजे निव्वळ वेळ घालविण्याचे साधन नसून ती त्यांची उपजीविका आहे, हे येथे मान्य झाले.

काम करण्याचा हक्क याप्रमाणे राहिला. परंतु त्या कामाचा धनी कोण, हा प्रश्न उरलाच. पान व तंबाखू ठेकेदार मोजून देतो. तयार बिड्या तोच मोजून घेतो, आणि त्यांतील चांगली कोणती, वाईट कोणती, हेही तोच ठरवितो. नापसंत मालाला छाट म्हणतात. छाट निघाली की त्या बिड्यांची मजुरी बुडाली. पान फाटके किंवा किडके निघाले तर तेवढ्या पानांत ठरलेली संख्या भरत नाही, आणि तूट भरून काढण्यास वळणारीला पदरचे पैसे घालून पान घ्यावे लागते. ओसरी तिची, दिवाबत्ती तिची, हाताखाली पाने कापणारी नात तिची, तंबाखूची धूळ जाते तीही तिच्याच छातीत. दर मात्र दुसऱ्याचा आणि निवाडाही दुसऱ्याचा. यास स्वतंत्र धंदा कसे म्हणावे?

मालकपक्ष मात्र बरीच वर्षे तसेच म्हणत आला. ही माणसे मर्जीस येईल तेव्हा येतात, मर्जीस येईल तेव्हा उठतात, सबब ती आमचे कामगार नव्हेत, असा त्यांचा युक्तिवाद असे. नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. वेळेचे बंधन सैल असले तरी माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचा कामावर ताबा आहेच, असा त्या निकालाचा आशय होता. तो निकाल कारखान्यात येऊन काम करणाऱ्यांपुरता होता. पुढे १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने, कच्चा माल घरी नेऊन बिड्या वळणाऱ्यासही कामगार मानले. स्वतःच्या राहत्या घरी, आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या मदतीने, कोणाही मालकाचा नोकर नसता जो बिड्या करील, त्याला मात्र याच कायद्याने वगळले. हा कायदा पुढे २०२० च्या कामगार संहितांत विलीन झाला. परंतु त्याने आखलेली रेषा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घर तेच, सूप तेच, हातही तेच. एक कामगार, दुसरा धंद्याचा धनी. भेद जागेचा नसून सत्तेचा आहे.

ही सत्ता काम करणाऱ्यांच्या हाती राहू शकते काय? राहू शकते. मुंबईस गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. तिची रीत वरवर बिडीसारखीच आहे. सकाळी मळलेले पीठ न्यावयाचे, घरी पापड लाटून वाळवावयाचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यावयाचे आणि वजनाप्रमाणे मजुरी घ्यावयाची. तपासणी तेथेही कसून होते. परंतु तपासणारी आणि लाटणारी दोघीही संस्थेच्या सभासद भगिनी, आणि नफा झाला तर तोही भगिनींचाच. गोंदियाच्या बाजूसही असा एक पालट झाला आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि तेंदूपानासारख्या गौण वनोपजावर वनवासीयांची मालकी मान्य झाली. त्यानंतर गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभा आपल्या रानातील पानांचा सौदा स्वतः करू लागल्या. एकट्या म्हातारीस ठेकेदाराशी घासाघीस करणे कठीण. सारे गाव बसले म्हणजे भाव बोलता येतो.

शहरातील निवृत्त गृहस्थाने किंवा गृहिणीने यावरून काय घ्यावे? शिवण असो, मसाले-लोणची असोत, शिकवणी असो की दुकानदारांचे हिशेब लिहिणे असो, आरंभापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कच्चा माल कोणाचा? माल चांगला की वाईट, हे ठरविणार कोण? आणि गिऱ्हाईक कोणाच्या ओळखीचे? तिन्हींचे उत्तर ‘दुसऱ्याचे’ असे आले, तर ती घरी बसून केलेली मजुरी आहे. मजुरीत कमीपणा काही नाही. मात्र तिचा दर मजुरीसारखाच नक्की करून घ्यावा आणि लेखी घ्यावा. तिच्या पायी गाठीची पुंजी गुंतवू नये.

‘यंत्र आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ’ अशा जाहिराती वेळोवेळी दिसतात. त्यांत यंत्राची किंमत आधी जाते, आणि माल नेऊन दिला की त्यात खोड निघते. ही छाटच होय. केवळ नाव निराळे. ज्याने फंडाचे पैसे एकदाच हाती पाहिले, त्याला ही छाट परवडत नाही. त्यापेक्षा घरातल्याच भांड्यांनी थोडा माल करावा, आळीतील दहा घरांस द्यावा, त्यांतील किती घरे पुन्हा मागतात ते पाहावे, आणि मगच खर्च वाढवावा. खाद्यपदार्थ विकावयाचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी. हिशेबात आपल्या श्रमाचे मोल धरावे; ते न धरल्यास तोट्याचा धंदाही नफ्याचा दिसतो.

उतारवयात अंगातली ताकद कमी होते, परंतु माणसाची पारख, दिलेला शब्द आणि जमलेला परिचय ही शिल्लक वयाबरोबर वाढलेली असते. पंचवीस वर्षे ज्या शिंप्याने एका गल्लीचे कपडे शिवले, त्याला त्या गल्लीत जाहिरात लागत नाही. ही शिल्लक स्वतःच्या नावाच्या धंद्यात घातली तर तिला व्याज चढते; दुसऱ्याच्या नावाच्या मालात घातली तर ते व्याज त्या दुसऱ्यास मिळते. म्हणून उतारवयात धंदा लहान असला तरी चालेल. त्याचे माप आणि त्याचे गिऱ्हाईक मात्र आपल्या हाती असावे.