सांडपाण्याचा जमाखर्च

१९४२ सालीं ३१ जानेवारीस ब्रिटिश सैन्यानें सिंगापूर बेटाला मलायाशीं जोडणारा समुद्रांतला बांध सुरुंगानें फोडला, तेव्हां त्यावरून जोहोरहून येणारा पाण्याचा नळही तुटला. पंधरवड्यानें शहर शरण गेलें. त्याच्या कारणांत पाण्याची टंचाई हें एक मोठें कारण होतें. तेथें पाऊस उदंड, पण तो सांठविण्यास जागा नाहीं. पुढें १९६२ च्या करारानें जोहोरचें रोज २५ कोटि गॅलनपर्यंत पाणी मिळूं लागलें. मात्र त्याची मुदत २०६१ मध्यें संपते.

वापरलेलेंच पाणी पुन्हां वापरावें, हा विचार तेथें जुनाच आहे. १९७४ मध्यें तसा लहानसा कारखाना काढूनही पाहिला. पण खर्च परवडेना, म्हणून तो बंद झाला. पुढें गाळणीचे सूक्ष्म छिद्रांचे पडदे सुधारले, स्वस्त झाले, आणि २००३ मध्यें ‘न्यूवॉटर’ या नांवानें तें पाणी विकूं लागलें. स्तुति होते ती या पडद्यांची. वस्तुतः मोठी गोष्ट २००१ मध्यें कचेरींत घडली होती. तोंवर पाणी पुरविणारें मंडळ एक, मैलापाणी वाहून नेणारें खातें दुसरें. अशा कारभारांत पाणी विकून पैसा एकाला मिळतो, आणि घाण लोटून देण्याचा खर्च दुसऱ्याच्या माथीं बसतो. घाणीचें पाणी करावें, असें दोघांसही वाटण्याचें कारण नसतें. दोन्ही कामें एका मंडळाकडे आलीं, आणि खर्चाच्या बाजूचें सांडपाणी जमेच्या बाजूस आलें.

गिऱ्हाईकही नेमकें मिळालें. संगणकासाठीं सिलिकॉनच्या चकत्या करणाऱ्या कारखान्यांना नळाच्या पाण्याहूनही निर्मळ पाणी लागतें. २००३ मध्यें घनमीटरास सिंगापुरी १ डॉलर ३० सेंट असलेला भाव २००७ मध्यें १ डॉलरवर उतरला. पिण्याची गोष्ट नाजूक. २००२ च्या राष्ट्रदिनीं पंतप्रधान गोह चोक टोंग यांनीं हजारों लोकांसमवेत हें पाणी पिऊन दाखविलें. मन वळविण्यास शास्त्रज्ञांच्या अहवालापेक्षां असा घोटच उपयोगी पडतो! घरोघरीं तें थेट जात नाहीं. अवर्षणाच्या दिवसांत जलाशयांत मिसळतात.

नागरिकांस हें फुकट मिळालेलें नाहीं. १९९१ पासून पाण्यावर निराळा कर आहे, आणि २०१७ व २०१८ मध्यें दोन हप्त्यांनीं दर शेंकडा ३० वाढले, तेव्हां कुरकूर झालीच. लहान घरांत राहणाऱ्यांस सरकारनें बिलांत सूट दिली. बाकीच्यांनीं वाढीव बिलें भरलीं.