मिसर देशाचे निळे ताईत

लहान मुलाच्या गळ्यांतील काळा दोरा आणि त्याला बांधलेला ताईत ज्या श्रोत्यांनीं पाहिला आहे, त्यांना प्राचीन मिसरी आईचें मन परकें वाटणार नाहीं. नीलनदीच्या कांठीं माणूस जन्मापासून अंगावर ताईत बाळगी आणि मेल्यावरहि ते त्याच्या सोबतीला जात. सोनें, बदकशानहून येणारा लाजवर्द, सिनाईंतील फिरोजा हीं रत्नें सर्वांना कोठून मिळणार? त्यांचें तेज कारागिरानें भट्टींत निर्माण केलें. युरोपीय पंडित या वस्तूला इटलींतील फाएंझा गांवावरून ‘फेयन्स’ म्हणतात. खुद्द मिसरी लोकांचा शब्द ‘चेहेनेत’, म्हणजे ‘झळाळणारें’, असा होता.

हिला मातीचें काम समजणें चूक होय. कुटलेली गारगोटी किंवा वाळू, थोडा चुना, आणि नेट्रन नांवाचा खार किंवा वनस्पतींची राख यांचा लगदा करीत व रंगासाठीं त्यांत तांब्याचा अंश मिसळीत. कुंभाराच्या मातीचा चिवटपणा या लगद्यांत नसे. म्हणून तो हातानें घडवीत किंवा साच्यांत दाबीत. पुढील प्रकार मोठा मौजेचा आहे. वस्तु वाळूं लागली कीं आंतील खार ओलाव्याबरोबर वर येऊन पृष्ठभागावर पांढरा थर धरी. आणि भट्टींत सुमारें ८०० ते १००० अंश उष्णतेला हाच थर वितळून निळी झिलई होई. झिलई बाहेरून देण्याच्याहि रीती होत्या. पण या रीतींत वस्तु जणूं आपलें तेज आपल्याच पोटांतून काढी.

सक्कारा येथील जोसर राजाच्या पिरॅमिडखालील दालनांत अशा निळ्या फरशा हजारोंनीं बसविल्या होत्या. फ्लिंडर्स पेट्री यांना १८९१-९२ च्या उत्खननांत अमार्ना येथें ताईतांचे व मण्यांचे मातीचे साचे हजारोंनीं सांपडले. इतक्या मोठ्या प्रमाणावर वस्तु घडे, ती मागणी असल्यामुळेंच.

ही मागणी हौसेची नव्हती; तिच्या मागें भय होतें. बाळंतपणांत स्त्री व मूल दोघेंहि दगावण्याची धास्ती असे. म्हणून गर्भिणीच्या रूपांतील पाणघोडी देवता तावेरेत हिची मूर्ति स्त्रिया अंगावर घालीत. सेतनें होरस देवाचा डोळा जखमी केला व थोथनें तो पुन्हां सांधला, अशी कथा आहे. त्या ‘वजेत’ डोळ्याचा ताईत म्हणजे मोडलेलें शरीर पुन्हां अखंड होईल, ही आशा. म्हणूनच तो प्रेतालाहि बांधीत.

भयाचा सर्वांत बोलका पुरावा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. मीर येथील सेन्बी नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांतून मिळालेला, सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचा निळा पाणघोडा आज रसिकांचा लाडका झाला आहे. अंगावर कमळें रंगविलेल्या या गोजिरवाण्या प्राण्याचे तीन पाय मात्र नंतर जोडलेले आहेत. परलोकीं त्यानें मृताला इजा करूं नये म्हणून ते मुद्दाम मोडले असावेत, असें तज्ज्ञ मानतात.

ज्या देवतांवर भरंवसा होता त्यांची उपासना संपली. परंतु राख, वाळू आणि तांबें यांतून उपजलेली ती झळाळी तशीच आहे. आणि आपल्या माणसाला कांहीं होऊं नये, ही ताईतामागची काळजीहि तशीच आहे.