जागावाटपाच्या आधीची एकी



संमेलनाध्यक्षाने राजकारणावर बोलू नये, असा एक संकेत आहे. तो मानायचा तर डिसेंबर १९७५ मधले कऱ्हाडचे संमेलन विसरावे लागेल. आणीबाणी चालू होती, स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी भर सभेत आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. माझ्याकडे तेवढी हिंमत असल्याचा दावा मी करत नाही. आज बोलायला तेवढी लागतही नाही. अजून तरी.

पण दिवस बरे नाहीत. २०२२ आणि २०२३ मध्ये या राज्यातले दोन पक्ष फुटले. मत कोणाला दिले आणि ते गेले कुठे, हे मतदाराला कळेनासे झाले. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झाले. मोर्चे काढणाऱ्या संघटनांवरच ते उलटेल, ही भीती चळवळीतल्या प्रत्येकाला होती. तरी विधानसभेत ठाम विरोध केला तो डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचे भाषण सुरू होत नाही, त्या इतर बाकांवर तेव्हा तशी धार दिसली नाही. त्यांचा विरोध तीव्र झाला तो नंतर. हा उशीर मला बोचतो.

पुरोगामी पक्षांनी एक व्हावे, हे आवाहन आता इतक्यांदा झाले आहे की ऐकणाऱ्याला जांभई येते. म्हणून मी आवाहन बाजूला ठेवतो आणि आपल्याच ठाणे जिल्ह्यात काम केलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

शामराव परुळेकर गोखल्यांच्या भारत सेवक समाजात घडले आणि बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार झाले. जानेवारी १९३८ मध्ये खोती रद्द करा म्हणून कोकणातले शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले, त्या मोर्चात ते बाबासाहेबांबरोबर होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यासाठी बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. दोघांत दहा वर्षांचे वैर होते, आणि ते संपानंतरही मिटले नाही. पण विधेयक समोर होते आणि ते दोघांनाही नको होते.

नंतर शामराव कम्युनिस्ट झाले. ७ जानेवारी १९४५ रोजी इथून जवळच, टिटवाळ्याला, किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले. तिथे आलेल्या वारल्यांनी वेठीची कहाणी सांगितली, आणि शामराव आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई उंबरगाव-डहाणूच्या रानात गेले. मेमध्ये झरीला सभा झाली: वेठ करायची नाही, लग्नाच्या कर्जापायी बांधलेला लग्नगडी राहायचे नाही. पुढे गवतकापणीची मागणी ठरली, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ही मागणी वाचता न येणाऱ्या माणसालाही मोजता येत होती. ती मिळाली की नाही, हे संध्याकाळी हातावर कळत होते. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे मेली, तरी मागणी मागे घेतली गेली नाही.

आणि हेच शामराव १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत ठाण्याचे खासदार झाले. समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात झाली. एस. एम. जोशींचे समाजवादी, डांग्यांचे कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवाखाली आले. नाशकात दादासाहेब गायकवाड, साताऱ्यात नाना पाटील, राजापुरात नाथ पै निवडून आले. मात्र आपण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतो: त्या मांडवात हिंदू महासभा आणि जनसंघही होते. राज्य मागायला तेवढे पुरले. राज्य कोणासाठी चालवायचे, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. तिबेट-चीनवरून समाजवादी आणि कम्युनिस्ट भांडले, राज्य हाती येता येता समिती उसवली, आणि १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने नेल्या.

१९७७ मध्येही तेच. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ पैकी २० जागांवर काँग्रेस थांबली. जनता पक्षाने १९, शेकापने ५, मार्क्सवाद्यांनी ३ जिंकल्या. त्या तिघांत एक होते डहाणूचे लहानू कोम. हुकूमशाही नको, यावर सगळे एक होते. त्यापुढे काय, हे विचारल्यावर जनसंघीयांच्या संघाशी असलेल्या दुहेरी सदस्यत्वाचा वाद निघाला आणि १९७९ मध्ये सरकार गेले.

म्हणून माझे म्हणणे असे की, जागावाटपाच्या टेबलावर जन्मलेली एकी जागावाटपाच्या टेबलावरच मरते. आधी मागणी लिहा, मग जागा मोजा.

आणि मागण्या शोधायला दिल्लीला जायला नको. भातसा, तानसा, वैतरणा आपल्या रानात. त्यांचे पाणी मुंबईच्या नळाला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यावर टँकर. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते. वनहक्क कायदा २००६ चा, आणि दावे अजून फायलीत. या प्रश्नांवर आपल्या तहसील कचेरीसमोर मोर्चे निघतात, पण लाल झेंड्याचा सोमवारी, निळ्याचा बुधवारी, एखाद्या संघटनेचा पुढच्या आठवड्यात. तहसीलदार तिन्ही निवेदने घेतात, तिघांनाही चहा पाजतात.

उलट मार्च २०१८ आठवा. नाशकाहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून आपल्याच तालुक्यातून गेला. दहावीची परीक्षा होती म्हणून ती माणसे मुंबईत रात्री चालली. आझाद मैदानावर त्यांना भेटायला एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष रांगेने आले, कारण मागणीपत्र आधीच तयार होते. २०२३ चा मोर्चा तर वाशिंदलाच थांबला आणि सरकारला तिथपर्यंत बोलणी आणावी लागली.

यात लेखकांचे काय काम? संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांत अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर गात होते. तिघेही लाल बावटा कलापथकाचे. पण त्यांचा डफ ऐकताना समाजवाद्याने कान झाकले नाहीत. अत्रे तर एकेकाळचे काँग्रेसवाले. त्यांच्या ‘मराठा’ दैनिकात डांगेही मावले, एसेमही. पक्षांना एकमेकांशी बोलायची लाज वाटते तेव्हा मधली भाषा लिहिणारे लोक पुरवतात. मात्र लेखकाने पक्षाच्या पुढाऱ्याला प्रस्तावना मागायची सवय सोडली पाहिजे. हे मी आपल्यातल्या काही कवींना उद्देशून बोलतोय, त्यांना कळले असेल.

तेव्हा नेहमीच्या ठरावांत एकाची भर घाला. शहापूर आणि मुरबाडमधल्या सर्व पुरोगामी पक्ष-संघटनांना हे संमेलन भरवणाऱ्या मंडळाने एकत्र बोलवावे; पाणी, स्थलांतर आणि वनहक्क एवढ्या तीनच विषयांचे एक लेखी मागणीपत्र त्यांच्याकडून सह्यांनिशी घ्यावे; आणि सही न करणाऱ्याचे नाव गावोगाव वाचून दाखवावे. उमेदवारांची चर्चा त्या बैठकीत होणार नाही, अशी अट घाला. मसुदा मी लिहून आणला आहे आणि स्वागताध्यक्षांकडे देतो. कोणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर जेवणाच्या सुट्टीत द्या, दुपारच्या सत्रात मतदान घेऊ.