रुग्णसेवेचे पाच गुण आणि एचआयव्हीबाधित आपला माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. कापडखात्यात उमर गेली. शिक्षण झालं ते वाचनालयात नि युनियनच्या सभांत. त्यामुळे विद्वानाचं भाषण माझ्याकडून होणार नाही. आयोजकांनी विषय दिला, ‘धम्म आणि आजची आव्हाने’. आव्हाने पुष्कळ आहेत. मी एकच घेतो, ज्याचं नाव आपण विहारात मोठ्याने घेत नाही. एचआयव्ही.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचा माणूस पोटासाठी घर सोडतो. कोणी गिरणीत गेला, कोणी बोटीवर, कोणी ट्रकवर. महिनोन्‌महिने घरापासून दूर. अशा कित्येक घरांत हा आजार शिरला. नवऱ्याकडून बायकोला, आईकडून लेकराला. त्या बाईने कोणतं शील मोडलं होतं, याचा विचार बोट दाखवणाऱ्याने करावा.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. त्याची सेवा कोणी करीना. का, तर तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता म्हणे. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवलं. मग भिक्खूंना जमवून सांगितलं की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची त्याने रुग्णाची करावी. आणि पुढे चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. तेच पाच मी आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला गुण, औषधाची व्यवस्था करता येणे. बंधूंनो, यादीत औषध पहिलं आहे, हे ध्यानात ठेवा. आपल्या देशात हा विषाणू १९८६ साली प्रथम सापडला. तेव्हा औषध नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटीची औषधं फुकट मिळू लागली. २०१७ पासून तर तपासणीत बाधित आढळला की लगेच औषध सुरू करायचं धोरण आहे. आज बहुतेकांना रोज एकच गोळी लागते. ती विषाणूला मुळासकट काढत नाही, पण दाबून ठेवते. म्हणून ती जन्मभर नि वेळेवर घ्यायची. नेमाने घेतली तर रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. गरोदर बाईने उपचार घेतले नाहीत तर शंभरातल्या १५ ते ४५ मुलांना लागण होऊ शकते. आईने आणि बाळाने उपचार घेतले तर ती पाचाच्याही खाली येते. तेव्हा ‘गोळ्या सोडा, अंगारा लावा’ म्हणणारा जसा फसवतो, तसाच ‘गोळ्या सोडा, परित्राण पाठ करा’ म्हणणाराही फसवतो. पाठ करावा, आणि गोळीही घ्यावी.

दुसरा गुण, रुग्णाला काय हितकर नि काय अहितकर हे ओळखणे. दारू अहितकर. गोळी चुकवणं अहितकर. खोकला हटत नसेल तर क्षयाची तपासणी लगेच करावी, कारण या आजारात क्षय फार घात करतो. पोटभर जेवण हितकर. दवाखान्यात जायचं म्हणजे हातावर पोट असलेल्याची एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वर. तिथे शेजाऱ्याची गरज लागते. कोणी सोबत जावं, कोणी घरचं पोर सांभाळावं.

तिसरा गुण, मैत्रीभावनेने सेवा करणे, लाभासाठी नव्हे. मुलगा गेला की सुनेला घराबाहेर काढायचं, तिचा वाटा गिळायचा, हा लोभ आपल्यातही आहे. सेवेचा फोटो छापून आणणं हाही लोभच. २०१७ साली संसदेने एचआयव्हीचा कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात भेदभाव करता येत नाही. बाधिताच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करता येत नाही. म्हणून विहारात मदत करताना नाव पुकारू नये.

चौथा गुण, किळस न करणे. मंडळी, खरं घोडं इथेच अडतं.

आमच्या खात्यातला एक जोडीदार, फुकट औषधं येण्याआधीच्या काळातला. आजारी होऊन गावी गेला. नाव-गाव सांगत नाही, मागे बायकापोरं आहेत. जेवण पडवीत, पत्रावळीवर. पाण्याचा पेला वेगळा, कोनाड्यात. आणि ते घर आपल्याच समाजाचं. शेवटी शेवटी तो पाणी मागायचाच बंद झाला.

हा आजार असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवून, एका पेल्यातून पिऊन, शिवून, डास चावून होत नाही. मग तो वेगळा पेला कशासाठी? वेगळा पेला आपल्याला नवा आहे का? याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. त्या महाडच्या वारसांनी घरात वेगळा पेला ठेवावा?

शेजारच्या गोव्यात १९८९ साली डॉमनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. त्याच्या आईने, लुसीबाईंनी, कोर्टात दाद मागितली. घरचं माणूस असं पाठीशी उभं राहायला हवं. पुढे थायलंडात चियांग माईकडे ‘संघ मेत्ता’ नावाने भिक्खूंनी काम सुरू केलं. बाधितांच्या हातचं भोजनदान त्यांनी लोकांदेखत स्वीकारलं. भन्ते जेवले हे पाहून गावाची भीती कमी झाली. आणि आपल्या सावित्रीमाईंनी तर १८९७च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेतलं, त्यातच त्या गेल्या. प्लेग लागणारा रोग होता, तरी त्या मागे हटल्या नाहीत. हा तर शिवून लागतही नाही.

पाचवा गुण, वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देणे. गोळी विषाणूला दाबते, पण रात्री दोन वाजता जी भीती उठते तिला गोळी पुरत नाही. तिथे वंदना, आनापान, सोबत बसणारं माणूस लागतं. जगायची उमेद राहिली तर गोळीही वेळेवर घेतली जाते. पण धीर देताना ‘हे तुझं मागल्या जन्मीचं कर्म’ असं म्हणू नका. ते तत्त्वज्ञान आपल्यावर लादलं गेलं होतं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. पंचशील स्वतः पाळायचं असतं, दुसऱ्याला मोजायचं नसतं.

तेव्हा माझी विहार समितीला नम्र विनंती आहे. एक, दर वर्षावासात एक दिवस सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाला बोलवा. दोन, दानपेटीतला काही वाटा रुग्णाच्या प्रवासखर्चाला ठेवा, आणि तो दोनच जबाबदार माणसांच्या हाती असू द्या. तीन, खीरदानाच्या दिवशी खीर ढवळायला अशा भगिनीची इच्छा असेल तर तिच्या हाती पळी द्या, आणि पहिली वाटी समितीच्या अध्यक्षांनी घ्यावी.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!